शेल्यात बांधलेला गूळ

कुर्डुवाडीला गाडीतून उतरलो तेव्हा ह्यांच्या पाठीवर ढाल होती आणि माझ्या पर्समध्ये खडीसाखर. फलाटावरचे लोक ढालीकडे बघत होते आणि मी ह्यांच्या कपाळाकडे, घाम आलाय का ते. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर एकदा साखर एकदम खाली गेली आणि हे भर मंडईत मटकन बसले. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलंय, खिशात गोड हवंच.

आणि ह्यांच्या नव्या छंदाला नेमका खिसाच चालत नाही! जुन्या पायदळाचा वेश करून, तसंच ओझं अंगावर घेऊन मैलोगणती चालणारा पुण्यातला हा गट. प्रमुख शिंदे सर, निवृत्त शिक्षक. शिपायाच्या अंगरख्याला खिसा नव्हता, म्हणून ह्यांच्याही नाही. चेन नाही, बक्कल नाही, सगळं गाठी मारून बांधायचं.

जीपने करमाळा गाठलं. कमळाभवानीचं दर्शन घेतलं, कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी) आणि शेंगाची चटणी खाल्ली. बाकीचे वाहवा करत होते. मला मेलीला चव कळेल तर ना.

सकाळी देवळापाशी सगळे सजले. ह्यांनी कमरेच्या शेल्याच्या टोकात गुळाचा खडा बांधून मला दाखवला. "झालं समाधान? शिपाई असाच नेत असणार." मग त्या टोकावरूनच शेला गुंडाळला, वर तलवारीचा पट्टा आवळला, पाठीवर घोंगडी, त्यावर ढाल. गूळ आहे ना, एवढंच माझ्या डोक्यात. फोटोत दिसते म्हणून सरांनी माझी पर्स सामानाच्या टेम्पोत ठेवायला लावली आणि टेम्पो पुढच्या मुक्कामाला पाठवून दिला.

दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. ऊन चढलं तसे हे मागे पडू लागले. ढाल जड होतेय का, विचारलं तर "गप चाल" म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात मला गप म्हणालेला माणूस नव्हे हा. गट वळणापलीकडे गेला आणि हे बांधावर बसले, घामाने डबडबलेले. हात पट्ट्याशी चाचपडत होते, पण बोटं थरथरत होती. गूळ सगळ्यांत आत होता!

हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. तलवार होती, पण बोथट. असल्या तलवारींना धार लावायची परवानगी नसते. ढाल डोक्यावरून काढली. पट्ट्याची गाठ घामाने घट्ट झाली होती, ती दातांनी सोडवली. शेला उलगडता उलगडेना. देवीला काय काय बोलले आठवत नाही. शेवटी गूळ ह्यांच्या तोंडात कोंबला आणि नुसती बघत बसले.

ज्वारीतून एक बाई तांब्या घेऊन आली. ह्यांच्या तोंडावर जरा रंग आल्यावर तिने विचारलं, "कुनी बांदलं वो ह्ये?"

"ह्यांनीच."

"आन् बांदताना तुमी हुता की संगं."

सर धावत परत आले. आपण टेम्पो पुढे पाठवायला नको होता, असं दोनतीनदा म्हणाले. मी शेल्याची घडी घालत राहिले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

परतताना कुर्डुवाडीच्या फलाटावर हे हळूच म्हणाले, "आता बंद कर म्हणशील."

तेच म्हणणार होते. पण ढाल मांडीवर घेऊन बसलेलं ते तोंड बघवेना. म्हटलं, उभे राहा. चारचौघांत ह्यांना शेला बांधला, वर पट्टा, आणि गुळाचं टोक सगळ्यांत शेवटी, बाहेर लोंबतं, डाव्या बाजूला, माझा हात पोचेल असं.

सर बघत होते. "वहिनी, असं बांधत असल्याचा पुरावा नाही मिळत."

"जे शिपाई घरी परत आले ना, सर," मी म्हटलं, "ते असंच बांधून गेले असणार."

गाडी आली. पुण्यापर्यंत हे झोपले आणि मी ती गाठ हातात धरून जागी बसले.