परण्याची घोडी

परवा वडीगोद्रीला एसटीची वाट पाहत उभी होते. रस्त्याच्या कडेने एका नवरदेवाची मिरवणूक चालली होती. डीजेचा दणका असा, की टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्या थरथरत होत्या. आणि त्या भल्यामोठ्या भोंग्यांच्या अगदी मागे एक पांढरी घोडी मान खाली घालून उभी होती. फटाक्यांची माळ तिच्या पायाशी फुटली, तरी तिने कानसुद्धा हलवला नाही. "काय गरीब घोडी हाय!" टपरीवाला कौतुकाने म्हणाला. वाऱ्याबरोबर घोड्याच्या घामाचा उग्र वास आला आणि हातातला चहा मी तसाच ओतून दिला. घोड्याच्या वासाची मला किळस नाही. एके काळी तो मला फार आवडायचा. किळस आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि इतकी वर्षं गेली तरी ती जात नाही.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या पलीकडे, गोदावरीच्या अंगाला. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी कॉलेजच्या सुट्टीत काकांकडे गेले होते आणि घरात चुलतभावाच्या लग्नाची गडबड होती. आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीला जातो. त्याला परण्या म्हणतात. त्यासाठी सगळं गाव भाड्याचं घोडं आणी. काकांनी मात्र चारचौघांत बोलून ठेवलं होतं, की माझा पोरगा घरच्याच घोडीवर मारुतीला जाईल. त्या हौसेपायी त्यांनी बाजारातून एक तांबडी, कोवळी घोडी आणली. दिसायला देखणी, कातडी उन्हात तांब्याच्या घंगाळासारखी चमके. पण लगाम घालून कुणी पाठीवर बसलं रे बसलं, की ती उधळायची. चुलतभावाला तिने दोनदा बाभळीत नेऊन टाकलं. लग्न तोंडावर आलं होतं आणि काकांचा शब्द पणाला लागला होता.

गंमत म्हणजे काकूच्या हातात तीच घोडी गाय होई. काकू तिच्या गळ्यात नुसता दोर अडकवून ओढ्यावर पाण्याला न्यायची. एकदा तिने मलाही पाठीवर बसवलं. ना खोगीर, ना लगाम. घोडी माझ्या पायाखाली उबदार हलत होती, मधूनच फुरफुरत होती, आणि काकूच्या मागे मागे थेट गोठ्यापर्यंत आली. आयुष्यात इतकं हलकं मला क्वचितच वाटलं असेल. काकू घरात आली ती हे सांगतच.

"तिच्या तोंडातलं लोखंड काढा. जितकं वढता, तितकी ती पळून राह्यली. दुखत असंल तिला."

"बिनलगामाचा परण्या काढू का?" काका म्हणाले. "लोक म्हनतील, नवरदेव शेळीवर बसून आला!" ओसरीवर बसलेले सगळे खो खो हसले.

मग त्या ओसरीवरून उपायांचा पूर सुरू झाला. तंबाखू मळता मळता, पिंका टाकता टाकता, जो येई तो घोड्यांमधला जाणकार. एकाला तिच्या कपाळावरच्या केसांत वाईट भोवरा दिसला. त्या भोवऱ्याच्या नादात तिच्या तोंडात कुणी डोकावलं नाही. सळई तापवून भोवऱ्यावर डाग दिला. जळक्या केसांचा वास दिवसभर घरात राहिला आणि त्याच वासात ही मंडळी पुरणपोळी चापून जेवली. मला पान वाढवेना. जखम चिघळली, तिच्यावर माशा बसू लागल्या, आणि घोडी अजून उधळतच होती. मग लग्नाला आलेल्या एका पाहुण्याने तोंडातल्या कडीला बारीक काटे असलेला लगाम आणून दिला. "याच्यानं बिलकुल सुतासारखी सरळ व्हईल," म्हणाला. पाहुणा चांगला शिकलेला होता, कपड्यांना अत्तर होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तो लगाम घालून तिला नदीच्या भुसभुशीत वाळूत पळवलं. दुपारी परत आणली तेव्हा ती लटपटत होती. पाठीवर झूल चढली, गळ्यात घुंगरं आली, चुलतभाऊ वर बसला. घोडी उधळली नाही. बँड वाजला, गुलाल उडाला, ती खाली मान घालून चालत राहिली. "शहाणी झाली!" म्हणत लोकांनी काकांच्या पाठीवर थापा मारल्या. काकांचा चेहरा असा फुलला होता, की मला तिकडे बघवेना.

मारुतीपुढे नवरदेवाच्या आईने घोडीच्या पायांवर पाणी घालून तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची असते. काकूने ओंजळ पुढे केली. घोडीने ओळखीने तोंड घातलं, पण डाळ तशीच खाली सांडली. तिचे ओठ लाल होते. आम्हा सगळ्यांना तो गुलालच वाटला होता. काकूने पदराने पुसलं तर पदर भिजला. जीभ कडेने फाटली होती.

काकू रडली नाही. बँडच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "आता पळायची न्हाई ती. जिंकले तुमी!"

काका तिच्याजवळ सरकले. मला वाटलं, लगाम काढतील. ते दबक्या आवाजात म्हणाले, "पदर झाक. लोक पाहून राह्यले."

काका वाईट नव्हते, असं म्हणायची घरात पद्धत आहे. मी म्हणत नाही.

त्यानंतर ती घोडी बरीच वर्षं गावात परण्याला चालली. तिच्यावर बसून कितीतरी जण मारुतीला गेले आणि संसाराला लागले. त्यांच्या अल्बमांत ती अजून उभी असेल. आता काका नाहीत, काकू नाही, बँडच्या जागी डीजे आला. माझ्याजवळ मात्र त्या घोडीची एकच आठवण ठसठसत राहिली आहे. जखमा भरल्यावर काकू पूर्वीसारखाच नुसता दोर घेऊन तिला पाण्याला न्यायला गोठ्यात गेली. मी दारात उभी होते. काकूला पाहून घोडी फुरफुरली नाही. तिने मान खाली केली आणि आपणहून तोंड उघडलं.