नामंजूर जाहिरात

रिसोडच्या बसस्टँडजवळ गुडघ्यांचं तेल विकणाऱ्या मावशी बाटलीचं झाकण पदराने पुसतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतात, "लावून पाहा. फरक पडला तं पडला."

माझा धंदा मोबाईलवर जाहिराती टाकून देण्याचा. त्यांच्या तेलाची जाहिरात करताना मी त्यांना न विचारताच लिहिलं, 'सात दिवसांत गुडघेदुखी गायब, शंभर टक्के गॅरंटी.' दुसऱ्याच दिवशी ॲपवाल्या कंपनीने जाहिरात नामंजूर केली.

"काहून?" मावशींनी विचारलं.

"दावा खोटा हाये म्हनते कंपनी," मी म्हणालो. ते वाक्य माझं होतं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

त्यांनी हातातल्या बाटलीचं झाकण पुन्हा एकदा पदराने पुसलं. मग म्हणाल्या, "माह्या तेलापायी तुमचं नाव खराब झालं, भाऊ. माफ करजा."

आठवड्याने तिकडून जाताना पाहिलं, एक म्हातारबाबा बाटली निरखत उभे होते. मावशी त्यांना म्हणत होत्या, "घ्याच्या आंधी आयका बावाजी, कंपनीनं याले खोटं ठरवलं हाये."

बाबांनी बाटली खाली ठेवली. मावशींनी मला पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. मी मोबाईल कानाला लावला आणि पुढे निघून गेलो. फोन कुणाचाच नव्हता.