टँकरला वाहिलेला नारळ

तांडेल सर इतिहास शिकवायला कोकणातून उदगीरला आले आणि पहिल्याच तासाला अकबर बाजूला ठेवून त्यांनी आपलं गाव काढलं. खाडीच्या तोंडावरचा एवढासा कोळीवाडा. पुढे पानिपत असो की फ्रेंच राज्यक्रांती, तास सुटायच्या आत सर कोळीवाड्यावर यायचेच. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. भिंतीतून ऐकून ऐकून त्यांच्या आजोबांच्या होडीचं नावसुद्धा मला पाठ झालं, लक्ष्मीप्रसाद!

"अहो सर, पोरांचा पोर्शन राहायलाय," मी कुरकुरायचो.

"बिरादार, पानिपत पुस्तकान हाय. आमचा गाव कंच्या पुस्तकान हाय? पुढची आळी दर्यानं खाल्ली, मागची मुंबईला गेली. मी गप बसलो का गाव संपला." एरवी हसतमुख माणूस, पण हे बोलताना हसत नसे.

आमची राखी पौर्णिमा ती त्यांची नारळी पौर्णिमा. त्या दिवशी दर्याला नारळ दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पण उदगिरात दर्या आणायचा कुठून? एका वर्षी पावसानं ओढ दिली आणि नेमका त्याच दिवशी गल्लीत टँकर आला. सर टोपी घालून शिडीनं वर चढले, हात जोडले आणि झाकणातून नारळ आत सोडला. अख्खाच! दर्याचा नारळ फोडायचा नसतो म्हणे.

टँकर सरत आला आणि धार एकदम बंद. नारळ आतून तोंडावर बसलेला. रांगेत शेवटी आमच्या शेजारच्या कलावतीबाई, घागर कोरडी.

"सर, लई झालं आता तुमच्या दर्याचं!"

ड्रायव्हर मकबूल विजार गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत उतरला. तेवढ्यात सरांनी खाली आजोबांची होडी बुडवणाऱ्या वादळाची गोष्ट सुरू केली. भांडायला आलेल्या कलावतीबाई पालथ्या घागरीवर बसून ऐकायला लागल्या. तेव्हापासून टँकर आला की गोष्ट ठरलेली. नारळी पौर्णिमेचा नारळ मात्र मकबूल धार सोडायच्या आधीच काढून घ्यायचा.

गेल्या वर्षी सर गेले. फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यांचा मुलगा पुण्याहून खोली आवरायला आला, त्या दिवशी गल्लीत टँकर लागलेला. आमच्या ओट्यावर बसून मला म्हणाला, "काका, बाबांचं गाव नेमकं कसं होतं हो? मी कधी ऐकूनच घेतलं नाही."

मी तोंड उघडायच्या आत कलावतीबाई म्हणाल्या, "आधी बघ, लक्ष्मीप्रसाद बांधली..."

"न्हाई मावशी, आधी वादळ!" मकबूल टँकरवरून ओरडला.

"हाव रे, मोठा आला! होडी नव्हती तर वादळात बुडलं काय?"

दोघं हमरीतुमरीवर आले. दोघांनीही जन्मात समुद्र पाहिलेला नाही.

"थांबा, थांबा," पोरगं डोळे पुसत म्हणालं, "पहिल्यापासून सांगा."