अर्धं बाबांचं, अर्धं मायचं

माझी धाकटी बहीण बोलायला लागली तेव्हा तिच्या पहिल्या चार-सहा शब्दांतच ‘दुखते’ हा शब्द होता. आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं, चारही बाजूंनी धानाच्या बांध्या. पावसाळ्यात धानाची रोपं लावायचा रोवणा सुरू झाला की घरातली मोठी माणसं दिवसभर चिखलात आणि आम्ही दोघी बांधीच्या कडेला धुऱ्यावर पोतं टाकून बसलेल्या. अंगावर पाणी पडलं, वारा लागला की ती पाय पोटाशी घेऊन ओरडायची. ते पोरांचं साधं रडणं नव्हतं. शेजारच्या बांधीतल्या बाया हातातली पऱ्ह्याची रोपं तशीच धरून उभ्या राहायच्या. माय चिखलाच्या पायांनी पळत यायची आणि तिला उचलून घरी न्यायची. मग जवसाचं तेल कोमट करून सांधे चोळायचे, फडक्यात मीठ बांधून शेकायचं. तिच्या बोटांना कधीकधी अशी सूज यायची की मूठ मिटत नसे. डोळे तर कायमचेच पिवळसर.

गावात कोणी म्हणायचं हाडात वारा शिरला, कोणी म्हणायचं कावीळ मुरली. बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, शहापूरला दिलेली होती. तिनं मात्र कारण पक्कं केलं होतं. सणाला आली की बहिणीच्या डोळ्याची पापणी अंगठ्यानं खाली ओढून बघायची आणि मायला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, “आपल्या घरात असं कोणालेच नव्हतं. हे माहेरचं रगत होय.”

मायच्या भावाचं पहिलं लेकरू असंच पिवळं पडून गेलं होतं, त्यामुळे आत्याच्या बोलण्यावर कोणी उलटून बोलत नसे. माय तर नाहीच. बाबा बहिणीपुढे कधी तोंड उघडत नसत. मान खाली घालून जेवत राहायचे. पण ते बोलणं त्यांच्या मनात बसलं होतं. मायचं माहेर दिघोरीकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एकदा मामा तिला न्यायला आला, तर बाबा म्हणाले, “नोको. एक लेकरू तर गेलंच तुमच्या इथं. माही पोरगी तिथं नाई येत.” मामा चहा न घेता परत गेला. त्यानंतर मायनं माहेरचं नाव काढलं नाही. तिची आई वारली तेव्हा बहीण तापानं पडलेली होती. बाबा म्हणाले, “हिले सोडून कुठी जाते?” माय गेली नाही. चुलीपुढं बसून रडली, मग उठून भात उतरवला आणि आम्हाला वाढला.

बहीण सहावीत असताना शाळेत रक्त तपासायला लोक आले. बोटाला सुई टोचून थेंब घेतला, आणि पुढं तिला भंडाऱ्याला बोलावून पुन्हा तपासलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सिकलसेल आहे. गोळ्या रोज घ्यायच्या, पाणी भरपूर प्यायचं, थंडीत जपायचं. आई-वडिलांनीही तपासून घ्या असं ते म्हणाले होते. मायनं लगेच बोट पुढं केलं. तिच्यात दोष निघाला. रोग नाही, पण ती वाहक होती. बाबा बाहेर सायकलच्या स्टँडपाशी उभे होते. मळणी चालू आहे म्हणाले, मग येतो. ते ‘मग’ पुढं राहूनच गेलं. माझंही रक्त तेव्हाच तपासलं. मी मायसारखी निघाले. आत्याला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी सांगत नव्हती का?”

दहावीनंतर मी मोहाडीच्या कॉलेजात विज्ञानाला गेले. आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम फार बोलायच्या नाहीत, पण फळ्यावर चित्र काढायला लागल्या की बघत राहावं. कॉलेजात एकच चालू सूक्ष्मदर्शक होता. त्यात मी पहिल्यांदा रक्ताच्या पेशी पाहिल्या. फिकट लाल, गोल, मधोमध चेपलेल्या, एकमेकींना खेटून. मॅडम म्हणाल्या, या पेशीला केंद्रक नसतं, ती वाकते, मुडपते आणि स्वतःपेक्षा अरुंद वाटेतूनही पार होते, म्हणून तर पायाच्या करंगळीपर्यंत प्राणवायू पोचतो. मी डोळा लावून बसले होते. मागच्या मुली ढकलत होत्या, तरी मला उठवेना.

बारावीत आनुवंशिकतेचा धडा आला. मॅडमनी फळ्यावर चौकट आखली, वर बापाची दोन अक्षरं लिहिली, बाजूला आईची. चार घरं भरली आणि शेवटच्या घराभोवती खडूनं गोल केला. म्हणाल्या, “सिकलसेलचा रुग्ण हा असा जन्मतो. दोघांकडून एक-एक दोष आला तरच.”

मी हात वर केला. “मॅडम, एकट्या आईकडून आला तर?”

“तर मूल वाहक होईल. त्याला हा आजार नाही होणार.”

“म्हणजे रुग्ण असेल तर वडिलांकडूनही...?”

“आलाच पाहिजे. अर्धा तिचा, अर्धा त्याचा.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “घरी कोणी आहे का?” मी मान हलवली. त्यांनी तो फळा तास संपेपर्यंत पुसला नाही.

त्या दिवशी घरी आले तेव्हा माय अंगणात चवळीच्या शेंगा सोलत होती. मी दप्तरही न ठेवता तिला सगळं सांगितलं, जमिनीवर काडीनं चौकट काढून दाखवली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर आत्याला शिव्या घालेल. तिनं काडीची रेघ पायानं पुसली.

“कोणाले सांगू नोको.”

“काहून? इतकी वर्षं तुले बोलतात ना सगळे.”

“मले बोललेलं मले सहन झालं,” ती म्हणाली. “तुह्या बापाले नाई होणार. तो पोरीकडे पाहू नाई शकणार मग.”

बहीण आत खाटेवर होती. दोन दिवसांपासून तिचा गुडघा धरला होता. भिंत मातीची आणि दार सताड उघडं. तिनं सगळं ऐकलं. ती स्वभावानं माझ्यासारखी नव्हती. मनात आलं की बोलून मोकळी. संध्याकाळी बाबा तिच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावायला बसले. हे काम ते रोज स्वतः करायचे, मायलाही करू द्यायचे नाहीत. तेव्हा ती त्यांना म्हणाली, “बाबा, बाईच्या पुस्तकात लिवलं हाय. माह्या रगतात अर्धं मायचं हाय आन् अर्धं तुमचं.” मला ती बाई म्हणायची.

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं होय का?”

मी म्हटलं, “होय बाबा.”

त्यांनी पिशवी पुन्हा तिच्या गुडघ्यावर ठेवली, वरून गोधडी नीट केली आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोणाला न सांगता भंडाऱ्याला गेले. नंतर निकाल आणायला आणखी एकदा गेले. दुसऱ्यांदा परतले तेव्हा माय चुलीपाशी होती. ते तिच्यासमोर, एरवी कधी बसत नसत तसे, खाली मातीवर बसले. म्हणाले, “माह्यातही हाय.” मायनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. ते प्यायले नाहीत. म्हणाले, “दिघोरीले जाऊ आपण. तुह्या घरी.”

आम्ही चौघं गेलो, धान कापून झाल्यावर. एस.टी.तून उतरून माय गावच्या रस्त्याला लागली तशी तिची चाल बदलली. भराभर पुढं निघाली, आम्हाला गाठता येईना. घराशी आली आणि थबकली. तिच्या आईची खोली पाडून मामानं तिथं गोठा केला होता. ती गोठ्याच्या खांबाला हात लावून उभी राहिली, आणि मी तिला मोठ्यानं रडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

बाबा अंगणात मामापुढं उभे होते. “साळेबुवा,” ते म्हणाले, “पोरीच्या रगतात माहंही हाय. मी उगाच तुमच्या घराले नाव ठेवलं.”

मामा सावकाश बोलणारा माणूस. म्हणाला, “आमची माय वाट पाहत गेली, जावई. आता सांगून तिले का ऐकू येणार हाय?” मग मामानंच खाट ओढली. “बसा. जेवण करून जा.” निघताना मामीनं बहिणीच्या ओटीत तांदूळ घातले आणि तिचे हात आपल्या हातात धरून ठेवले. सोडायलाच तयार नव्हती. तिचंही लेकरू गेलेलं होतं.

बाबांनी आत्यालाही सांगितलं. आत्या म्हणाली, “पोरीच्या कॉलेजानं घर फोडलं तुहं.” पुढं तिचं येणं कमी झालं.

त्यानंतरची काही वर्षं बरी गेली असं मी म्हणते, कारण पुढचं मला माहीत आहे. मी बी.एस्सी. करून शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बहीण बारावी झाली आणि शिवणकाम शिकली. दुखणं यायचं, दवाखान्यात बाटली लागायची, चार दिवसांनी ती पुन्हा मशीनवर बसायची. एकदा तिनं मला विचारलं, “बाई, माह्याच पेशी काहून वाकड्या होतात?” मी सांगितलं, त्यांतलं प्राणवायू वाहणारं द्रव्य जरा वेगळं आहे, प्राणवायू सोडला की ते आतल्या आत काड्यांसारखं जुळतं, पेशी विळ्यासारखी ताठ होते, बारीक नसांमध्ये अडकते. पुढं रक्त जात नाही, तिथं दुखतं. शिवाय आमच्या पेशी तीन-चार महिने जगतात, तुझ्या दोन-तीन आठवड्यांत मरतात.

ती काज करत होती. दाताने दोरा तोडून म्हणाली, “म्हणजे तुमच्यापरीस माहं रगत कितीतरी नवीन होय.” आणि हसली. मला हसता आलं नाही.

ती गेली ते साल थंडीचं होतं. आधी खोकला झाला, मग ताप, मग छातीत दुखायला लागलं. आम्ही तिला भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तिच्या फुप्फुसांतल्या नसा अडल्या आहेत. प्राणवायू आत येतो तीच जागा. मला पुढचं सांगायची गरज नव्हती. प्राणवायू कमी पडला की आणखी पेशी ताठ होणार, आणखी नसा अडणार. हे चक्र मी पोरांना बाण काढून शिकवत होते.

रक्त लागेल असं म्हणाले. बाबा लगेच उठले, सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली आणि नर्सपुढं हात धरला. “माहं घ्या. पाहिजे तेवढं घ्या.”

नर्सनं विचारलं, “तुमची तपासणी झालेली आहे का?”

मी सांगितलं, ते वाहक आहेत. आई आहे. मीही आहे.

“मग नाही चालणार, काका,” ती नरमाईनं म्हणाली. “तिला चांगलं रक्त पाहिजे.”

बाबांनी हात खाली घेतला नाही. “अवो, मी बाप होय तिचा,” ते म्हणाले. नर्स दुसरीकडे गेली तरी ते तसेच उभे होते. शेवटी मायनं जवळ जाऊन त्यांची बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावून दिलं.

रक्त मिळालं, कुणा अनोळखी माणसाचं. ते चढवलं त्यानंतर एक दिवस ती बरी वाटली. तोंडावरचा मास्क बाजूला करून मायला म्हणाली, “दुखणं थांबलं जराकसं.” दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही तिघंही तिच्याजवळ असताना, तिचा श्वास लागला, आणि डॉक्टरांनी खूप धावपळ केली तरी दुपारच्या आत ती गेली.

आत्या मातीला आली. मायच्या शेजारी बसली, पण तिला धरायला तिचा हात उठेना. माय स्वतःच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला त्या वेळी मायचा राग आला होता. आता येत नाही.

बाबा मात्र बदलले. पूर्वी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. आता गावात कुठं सोयरीक जुळते आहे असं कळलं की तिथं जाऊन उभा राहतो. “पोराचं तपासलं का? पोरीचं तपासलं का? दोघंही वाहक निघाले तर कसं करता?” काही घरांनी ऐकलं. दोन पोरं माझ्याकडे येऊन कुठं तपासायचं ते विचारून गेली. पण बहुतेकांना ते नको वाटतं. ज्याची पोरगी गेली त्यानं शुभ बोलणीत असं बोलू नये, म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्याच आमच्या भावकीतल्या एका मुलीचा मोहाडीला साखरपुडा होता. बाबांनी मांडवात हेच विचारलं. नवऱ्या मुलाच्या काकानं त्यांचा दंड धरून त्यांना रस्त्यापर्यंत आणून सोडलं. मी आत बायांमध्ये होते. मला कळलं तेव्हा ते बस स्टँडवर उन्हात बसलेले होते, पायाखाली बघत. घरी आलो. मायनं न विचारता ताट वाढलं.

त्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे आली नाही. लग्न गावातच, मुलीच्या दारात होतं; सगळं गाव तिकडं गेलं. वाजंत्री आमच्या दारावरून गेली तेव्हा बाबा ओसरीवर दोर वळत होते आणि माय त्यांना काथ्या सोडवून देत होती. दोघांनीही मान वर केली नाही.