काट्याला नमस्कार

वजनकाट्यावर चढण्याआधी ती चपला काढायची, वाकून काट्याला नमस्कार करायची आणि मगच पाय ठेवायची. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासते. काटा माझ्या खोलीच्या दाराशीच आहे. येणारेजाणारे तिला हसायचे, मीही हसायचे. काटा अडतिसाच्या आसपास थांबायचा, आणि रक्त द्यायचं तर निदान पंचेचाळीस किलो भरावे लागतात.

दवाखान्याच्या बाकावर दिवस काढला असेल तर अशा आज्या तुम्हीही पाहिल्या असतील. काखेत पिशवी, मांडीवर नात. हिच्या नातीला सिकलसेलचा आजार होता. पोरीच्या अंगात रक्त टिकायचंच नाही, दर महिना-दीड महिन्याने चढवावं लागायचं. आई वारलेली, बाप गुजरातेत वीटभट्टीवर. घोलवडच्या वखारीत चिकू निवडून आजीच तिला वाढवत होती.

आजी दवाखान्यातलं काही घ्यायची नाही. पाणी घरचं, भाकरी घरची, कॉटवर अंथरायची गोधडीसुद्धा घरची. कोणी चहा पुढे केला की ठरलेलं उत्तर यायचं. "घरचं हाय तं बाहेरचं कशाला?" एकदा नर्स वैतागून म्हणाली की कॉट पण बाहेरचीच आहे, ती उद्या घरून आणा. आजीने तेही जरा मनावर घेतल्यासारखं केलं.

अशा बाईला परक्याच्या रक्ताची पिशवी कशी रुचणार? लाल नळीकडे बघत ती विचारायची, हे कोणाचं? मी म्हणायचे, असेल कोणा भल्या माणसाचं. त्यावर हात पुढे करून म्हणायची, "बाय, माझं काढ ना. मी बसलीय ना इथं." तिच्या हट्टापायी मी तिचा रक्तगट तपासला आणि तो नेमका नातीशी जुळला. आधार कार्डावर कोणीतरी अंदाजाने टाकलेलं वयही नियमात बसत होतं. अडलं ते फक्त वजनावर. रक्तगट जुळला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग ती वजनाच्या मागे लागली. गूळ-शेंगदाणे झाले, उकडलेली अंडी झाली. आणि एका सकाळी काटा चक्क सेहेचाळिसावर गेला. मी चष्मा पुसून पुन्हा बघतेय तोवर आजी खाली उतरली, कमरेची गाठ सुटली आणि कच्चे चिकू धडाधड फरशीवर घरंगळले. सगळी ओळ उठून चिकू गोळा करायला लागली. काही कपाटाखाली गेले ते गेलेच. मी रागावले तर म्हणाली, वखारीत पेटी भरली की आत काय हाय ते कोण बघतो? नंतर सगळ्यांना दोन-दोन वाटले, पिकायला तांदळात ठेवा म्हणून बजावलं. नात पोट धरून हसत होती. त्या पोरीला मोठ्याने हसताना मी तेवढंच पाहिलं.

पावसाळा सरल्यावर आजी आली ती चेहरा भरलेला घेऊन. नमस्कार केला, चढली. काटा पंचेचाळिसाच्या पुढे गेला. मी काही बोलायच्या आत तिने पदर झटकून दाखवला, कमर दाखवली. काही नव्हतं. "बघ बाय, भरलं. आता काढ."

माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चपलेचे पट्टे मांसात रुतल्याच्या खुणा होत्या. घोट्याच्या वर मी अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. अंगात पाणी साचलं होतं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हृदय थकलंय म्हणून तिलाच दाखल करून घेतलं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

नातीला त्या दिवशी परक्याचंच रक्त चढलं. शेजारच्या कॉटवरून आजी थेंब बघत पडून होती. औषधाने पाणी उतरू लागलं, तसं वजनही उतरलं. डॉक्टर खूश होते. आजी रोज काट्यावर चढायचा हट्ट करायची आणि खाली उतरताना अजून खचलेली असायची. पुढे सूज पुन्हा चढली, ती काही केल्या हटेना. आजी गेली त्या दिवशी नर्सने पदराची गाठ सोडली, तर आत पाणी उतरवायच्या गोळ्या होत्या. तोंडात टाकल्यासारखं करून तिने त्या साठवल्या होत्या. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि रडले.

बाप नातीला न्यायला आला. मी त्याला परोपरीने सांगितलं की तिला इथेच ठेवा, रक्त चुकवू नका. तो मान खाली घालून म्हणाला, "घरी कोण हाय तिला बघायला?" आणि तिला भट्टीवर घेऊन गेला. तिकडे कुठे रक्त चढवता येईल ते मी कागदावर लिहून दिलं. तो कागद त्याला वाचता येत होता की नाही, कोण जाणे.

पुढच्या तारखेला मी तिच्या गटाची पिशवी बाजूला काढून ठेवली. बापाने दिलेला फोन लागत नव्हता. मुदत संपत आली तेव्हा ती पिशवी दुसऱ्या कोणाला तरी चढवली.

परवा रंगकामासाठी कपाट सरकवलं. मागे एक चिकू निघाला, वाळून सुपारीएवढा झालेला. आसपास कोणी नव्हतं. मी तो काट्यावर ठेवला. काटा हललाही नाही.