पेज ढवळणारा नवरा

मुलगी शाळेत जायला लागली आणि मी म्युझियममध्ये बिनपगारी गाइड झाले. लग्नाआधी मी पुण्यात चित्रकलेचा इतिहास शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आले आणि घरी बसले. त्या वर्षी युरोपातली जुनी चित्रं प्रदर्शनाला आली होती. त्यांत मध्ययुगाच्या अखेरीस जर्मनीतल्या एका चर्चच्या वेदीसाठी लाकडी फळीवर रंगवलेलं येशूजन्माचं चित्र होतं. मोडका गोठा, आईच्या निळ्या झग्याच्या टोकावर उघडं बाळ, समोर गुडघे टेकलेली मेरी. आणि कोपऱ्यात तिचा म्हातारा नवरा उकिडवा बसून पेज ढवळतोय, गाल फुगवून चूल फुंकतोय.

त्या चित्राबद्दल बोलताना मी त्या म्हाताऱ्यापाशीच रेंगाळायचे. माझ्या बाळंतपणाच्या ऐन तोंडावर आईचं हाड मोडलं, ती येऊ शकली नाही. नवऱ्याचं चांगी बिझनेस पार्कात कसलंसं मोठं काम चालू होतं. टाके ओले असताना क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये मीच ओट्याशी उभी राहायचे, एका हातात बाळ घेऊन. तो आला की विचारायचा, "जेवायला काय आहे?"

एका रविवारी तो आमच्या मुलीला, त्याच्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन प्रदर्शनाला आला. बाईंनी विचारलं, "हा म्हातारा कोण?"

"नवरा. बाळंतिणीसाठी पेज करतोय."

"मीही तेच केलं होतं," माझा नवरा म्हणाला. "चांगलं महिनाभर. हिला ओट्याकडे फिरकू दिलं नाही."

"नशीबवान आहात हं!" बाई मला म्हणाल्या.

मुलगी कौतुकानं बाबाकडे बघत होती. मी हसले आणि सगळ्यांना पुढच्या चित्राकडे नेलं.

परतताना एमआरटी मेट्रोत मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"साहेबांसमोर काहीतरी बोलावं लागतं. आणि डबा लावू म्हणालो होतो की तेव्हा. तूच नको म्हणालीस."

मी नको म्हटलं नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

पुढे गणपतीत, वाढदिवसांना तो हे सांगत राहिला. दरवेळी पेजेत नवं काहीतरी पडायचं. कधी तूप, कधी जिरं. आता त्याला ते खरंच वाटतं.

काही वर्षांनी मी तापानं पडले होते. मुलीला म्हटलं, "जरा भात लावतेस?"

फोनमधून डोकं न काढता ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आस्क बाबा लाह. ही ऑलवेज कुक्ड फॉर यू."

बाबा ऑफिसात होता. मी उठले आणि कुकर लावला.