आडवा पडलेला तुकडा

लहानूजी मेश्राम आमच्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. गोष्ट १९८३ची. मी नागपुरात नवी नवी डॉक्टर, आणि मला सदा घाई. लहानूजींना घाई ठाऊकच नव्हती. रुग्णाच्या मांसाचा तुकडा मेणात ठेवायचा, तो चिमट्यानं उभा धरायचा आणि मेण गोठेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, ही त्यांची रीत. वीस वर्षांत त्यांच्या हातचं काम परत आलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि जरा जास्तच वेळा सांगत.

चंद्रभान इतवारीत हातगाडी ओढायचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्याच्या गालाच्या आतलं तंतूंचं जाळं घट्ट झालं होतं. तोंडात दोन बोटंही जात नव्हती. त्यात आतून पांढरा चट्टा उठला. त्याचा तुकडा आमच्याकडे आला.

तोंडाच्या आतल्या कातडीखाली प्रथिनांचा एक अगदी बारीक पडदा असतो. कर्करोगाच्या पेशी पडद्याच्या वरच असतील तर चट्टा काढला की भागतं. पडद्याची प्रथिनं विरघळवून त्या खाली उतरल्या असतील, तर चंद्रभानचा अर्धा जबडा जाणार होता. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरच्या कापात मला पडदा कुठे दिसेना. पेशींचे पुंजके थेट तंतूंमध्ये बसलेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून मी लिहून टाकलं: पडदा फुटला आहे.

जबड्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लहानूजी मेणाची वडी हातात घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"मॅडम, ते ऑपरेशन थांबवा. तुकडा मेणात आडवा पडला होता. मले दिसलं होतं, म्या तसाच जाऊ देला."

"त्यानं काय फरक पडतो?" मी चिडले.

"पुरणपोळी आडवी चिरली तं पारी कुठी संपली अन् पुरण कुठी लागलं, समजन काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तुकडा मेणात बसवला त्या सकाळी मीच त्यांच्या दारात उभी राहून तीनदा ओरडले होते, "लहानूजी, आटपा!" त्यांनी तो विषय काढलासुद्धा नाही.

मेण वितळवून तुकडा पुन्हा उभा बसवला, नव्यानं काप घेतले, रंगवले. पडद्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. मी तीनदा पाहिलं. मग आम्ही दोघं सर्जनकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत लहानूजी म्हणाले, "चूक माही हाये." त्यांनी बोलणी खाल्ली, आणि मी गप्प उभी राहिले. ते मला आजही खुपतं.

चट्टा तेवढा काढला. टाके काढल्यावर चंद्रभान मला हात जोडायला आला. मी त्याला लहानूजींकडे नेलं. ते मागे सरकले.

"माह्याच हातानं तुहा जबडा जात होता गा. मले काहून नमस्कार करून राहिला?"

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. चंद्रभान अर्ध्या उघडणाऱ्या तोंडानं म्हणाला, "मंग सांगितलं काहून? कोणाले समजलं असतं?"

"तुले जेवाचं हाये ना गा," लहानूजी म्हणाले.